बाकाच्या बाजूचा श्वास

जाताना ती डावीकडे मान वळवून श्वास घ्यायची आणि येताना उजवीकडे. पोहायला शिकवणारे सर एकदा तलावाच्या काठावर उभे राहून बाकीच्या बायकांना म्हणाले, "हिचं बघा जरा. दोन्ही बाजूंनी श्वास! तुम्ही सगळ्या एकाच अंगाला वळता आणि मग खांदा धरला म्हणून माझ्या नावाने खडे फोडता." बायकांनी तिच्याकडे जरा असूयेनेच पाहिलं.  सरांना काय सांगणार, की यात हुशारी कसलीच नाही? तलावाच्या एका लांब कडेला लाकडी बाक होता. त्या बाकावर तिची साडेतीन वर्षांची मुलगी बसलेली असायची. जाताना बाक डावीकडे यायचा, येताना उजवीकडे. एवढीच त्यातली कला.

मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. आणि अशा मुलीला आई मिळाली होती ती ही अशी. औषधांच्या दुकानात काम करणारी, गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावरची तारीख दोनदा वाचणारी, आणि गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की मनातल्या मनात तिसऱ्यांदा वाचणारी. घरीही तेच. गॅस बंद केला का, कडी लागली का, खिडकीखालची खुर्ची सरकवून ठेवली का. "आमच्याकडे कॅमेरे लावायची गरजच नाही," तिचा नवरा आल्यागेल्याला सांगायचा, "ही आहे ना, आमची सीसीटीव्ही." आलेगेले हसायचे. तीही हसायची. थट्टा आहे, घ्यावी हसून, असं तेव्हा तिला वाटायचं.

पोहायला ती लागली पाठीमुळे. बाळंतपणानंतर पाठीने असा काही सूड उगवला की दुकानात उभं राहून संध्याकाळ झाली की तिला वाकून चपलाही घालता येईनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या तू स्वतःच विकतेस, त्या मी तुला काय सांगू? पोहायला जा." पहिला महिना तर तिने तलावातलं निम्मं पाणी पिऊन टाकलं असेल. कठड्याची नळी सोडायची म्हटलं की बोटं उघडायची नाहीत. मग एका सकाळी, कसं ते तिलाही कळलं नाही, पाणी तिच्याशी भांडायचं थांबलं. हात पुढे गेला, अंग त्याच्या मागे गेलं, पाय आपोआप हलले, आणि पलीकडची भिंत हाताला लागली तेव्हा ती एकटीच खदखदून हसली. पाठ बरी झाली ती पुढे हळूहळू. पण पाठ बरी झाल्यावरही ती जात राहिली. आता ती पाठीसाठी जात नव्हती, हे तिने घरात कुणाला सांगितलं नाही. मजेसाठी जाते म्हटलं असतं तर भुवया वर गेल्या असत्या. पाठीसाठी म्हटलं की बरं दिसतं.

पाण्यात डोकं घातलं की कुणी "आई" म्हणायचं नाही, कुणी "अगं ऐकलंस का" म्हणायचं नाही. कानांत नुसता एक गुळगुळीत आवाज. श्वासासाठी मान वळली की बाक दिसायचा, भिंगरी दिसायची, मग मान पुन्हा आत. दोन श्वासांमधलं ते अंतर तेवढं तिचं एकटीचं होतं.

हे जमलं ते पार्लरवालीमुळे. पार्लरवाली म्हणजे गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान चालवणारी तिची मैत्रीण, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून. तिची मुलगी साळुंकी भिंगरीएवढीच, फक्त ती पळायची नाही, अखंड बोलायची. दोघींनी आपसांत ठरवून टाकलं होतं. आधी एकीने पोहायचं, दुसरीने बाकावर बसून दोन्ही मुली सांभाळायच्या, मग अदलाबदल. आणि गोंधळ नको म्हणून एक लाल टॉवेल. ज्या बाईच्या खांद्यावर लाल टॉवेल, मुली तिच्या. पाण्यातून बाहेर आलेलीने मुली डोळ्यांनी पाहायच्या, मगच टॉवेल खांद्यावर घ्यायचा. टॉवेल खांद्यावर असेपर्यंत फोनला हात लावायचा नाही, गप्पांत मान वळवायची नाही. त्या टॉवेलने कधी कुणी अंग पुसलं नव्हतं. तो पुसायचा टॉवेल नव्हताच. नियम अर्थातच तिने केले होते. पार्लरवालीने आधी थट्टा केली, "शपथविधी पण ठेवू या का?" पण पाळले. वर्षभर त्या टॉवेलने दोघींना दगा दिला नाही.

मग एका रविवारी नवरा म्हणाला, "मी पण येतो. बघू तरी तुझा तो तलाव."

तिला बरं वाटलं होतं. नंतर तिला याचाच सगळ्यात जास्त राग आला, की तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. वाटेत तिने त्याला टॉवेलचं सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बापरे! म्हणजे हा टॉवेल नाही, पोलिसाचा दंडुका आहे." भिंगरी त्याच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवत होती.

त्या दिवशी पहिली पाळी तिची होती. पार्लरवाली टॉवेल घेऊन बाकावर बसली, ती पाण्यात उतरली. नवराही पलीकडच्या लेनमध्ये उतरला. लहानपणी तो बऱ्यापैकी पोहायचा. चार फेऱ्या मारून तो धापा टाकत बाहेर आला. गार वारा सुटला होता. त्याचा स्वतःचा टॉवेल आत कपाटात राहिला होता. तो कुडकुडत बाकापाशी गेला आणि पार्लरवालीच्या खांद्यावरचा लाल टॉवेल त्याने ओढून घेतला. साळुंकीला मघापासून बाथरूमला जायचं होतं, ती आईचा हात ओढत होती. पार्लरवालीला वाटलं, बरं झालं, बाप आला. तिने हनुवटीने भिंगरीकडे खूण केली. टॉवेलात डोकं खुपसून तो मान हलवत होता. मान केस पुसण्यासाठी हलत होती की होकारासाठी, हे फक्त त्यालाच माहीत. पार्लरवाली साळुंकीला घेऊन बाथरूमकडे गेली. तो कपडे बदलायला गेला, टॉवेल डोक्यावर घेऊनच.

ती तेव्हा लेनच्या मध्यावर होती. श्वासाला मान वळली आणि तिला बाक दिसला. नुसता बाक.

पुढचा श्वास तिने घेतलाच नाही. ती पाण्यात उभी व्हायला गेली, पण तिथे पाय टेकत नव्हते. तिने गॉगल कपाळावर ढकलला. बाक रिकामा, पार्लरवाली नाही, आणि लाल टॉवेल दाराआड दिसेनासा होत होता, नवऱ्याच्या डोक्यावर. तिने तलावभर नजर फिरवली. खोल बाजूच्या शिडीवर पिवळा फ्रॉक दिसला. भिंगरी दोन्ही हातांनी दांडे धरून उलटी उतरत होती, मोठ्या माणसांसारखी. पाणी तिच्या पोटापर्यंत आलं होतं.

ती मधली दोरी ओलांडून गेली. दुसरी दोरी ओलांडताना एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या छातीवर तिचा पाय बसला. तलावावर त्यांना सगळे टोपीवाले काका म्हणत. ते ओरडले, "अहो बाई! लेन बघून पोहा की!" आणि शिट्टी वाजली. शिट्टी वाजवली ती बगळ्याने. बगळा म्हणजे तिथला जीवरक्षक, पांढरा शर्ट घालून एका पायावर रेलून उभा राहायचा म्हणून बगळा. शिट्टी शिडीवरच्या मुलीसाठी नव्हती. तिच्या आईसाठी होती. दोरी ओलांडायची नाही, असा नियम होता.

तिने खालून जाऊन भिंगरीच्या कमरेला हात घातला. भिंगरी म्हणाली, "आई, मी पण आले."

झालं काहीच नाही. हे वाक्य तिला पुढचे कित्येक दिवस ऐकायचं होतं. झालं तर काहीच नाही ना.

काठावर ती भिंगरीला आवळून बसली तेव्हा तिचे दात वाजत होते. पार्लरवाली धावत आली, पांढरीफटक. "अगं, त्यांनी घेतला टॉवेल! मी खूण केली, त्यांनी मान हलवली!" पाठोपाठ नवरा आला, भांग पाडून, कोरड्या कपड्यांत. काय झालं ते कळल्यावर तोही घाबरला, नाही असं नाही. त्याने भिंगरीला उचलून घेतलं, तिचे मुके घेतले. आणि मग म्हणाला, "पण मला काय माहीत? टॉवेल म्हणजे टॉवेल असतो गं."

एरवी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली असती. पण तेव्हा अंगात भीती इतकी भरली होती की रागाला जागाच नव्हती.

जागा झाली ती घरी. सासूबाई खालच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांना नवऱ्याने जे सांगितलं ते तिने स्वयंपाकघरातून ऐकलं. "ही पाण्यात होती आणि भिंगरी शिडीपाशी गेली." एवढंच. त्यात तो कुठेच नव्हता. टॉवेल नव्हता. वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते तिला जास्त झोंबलं.

"मी आधीपासून म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या. त्या आधीपासून काही म्हणत नव्हत्या. "मूल एवढं लहान, आणि आईने पाण्यात डोकं घालून बसायचं म्हणजे..."

"आई, मी एकटी नव्हते तिथे. मुलीचा बापही होता."

"अगं, पुरुषाचं लक्ष कुठे असतं?" सासूबाई इतक्या सहज म्हणाल्या, जणू पुरुषांना डोळे नसतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखंही काही नाही.

कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, तिनेही केला असता. नवरा फार गोड बोलला. "मी नको म्हणत नाहीये. पण भिंगरी शाळेत जाईपर्यंत थांब ना. तुलाच टेन्शन येतं. तू तिथे कुठे निवांत असतेस?" आणि ती थांबली. कुणी थांबवलं म्हणून नव्हे. डोळे मिटले की शिडी दिसायची, म्हणून. पिवळा फ्रॉक पाण्यावर फुगलेला दिसायचा. तिने पोहायची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली आणि स्वतःला सांगितलं, पोहणंच आहे, श्वास थोडाच आहे.

पार्लरवालीचे फोन तिने उचलले नाहीत. तिच्यावरही ती चिडली होती. खूण कसली करायची? तोंड नव्हतं का?

पाठ पुन्हा दुखू लागली. सासूबाई म्हणाल्या, "तेल चोळून देते." भिंगरीवर ती उगाच खेकसायला लागली. दुकानात एका गिऱ्हाइकाला चुकीचं मलम देता देता राहिली. आणि एका रात्री जेवताना नवऱ्याचा मित्र आला होता, तेव्हा नवऱ्याने तलावाची गोष्ट सांगितली. आता ती गोष्ट गमतीची झाली होती. टोपीवाले काका कसे ओरडले, बगळ्याने शिट्टी कशी वाजवली, हे तो इतकं छान रंगवून सांगत होता, जणू स्वतः पाहिलं होतं. शेवटी म्हणाला, "त्या दिवशी आमचा सीसीटीव्ही नेमका बंद होता!" मित्र सात मजली हसला.

ती उठली, ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं, आणि नळ पूर्ण सोडून त्या आवाजात उभी राहिली. मित्र म्हणाला, "वहिनींना राग आला वाटतं." नवरा म्हणाला, "नाही रे, ती हसरी आहे."

याच दिवसांत नवऱ्याने सकाळी चालायला जायला सुरुवात केली. पोट सुटलंय म्हणाला. लवकर उठायचा, दार हळूच ओढून घ्यायचा, ती आणि भिंगरी उठायच्या आत निघायचा. यायचा तो ताजातवाना, शीळ घालत. ती चहा द्यायला जवळ गेली की तिला तलावाच्या पाण्याचा वास यायचा, तो औषधी, नाकाला किंचित चावणारा. तिला वाटायचं, आपल्यालाच भास होतोय. इतकं आठवतं का आपल्याला ते पाणी? आणि मग तिला स्वतःची कीव यायची. जिच्या नाकाला बाटलीचं झाकण उघडताच औषध बिघडल्याचं कळायचं, ती बाई स्वतःच्या नवऱ्याच्या मानेचा वास भास समजत होती.

शेवटी पार्लरवालीच दुकानात आली. खोकल्याचं औषध घ्यायला म्हणून आली आणि काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली.

"बोलायचं नसेल तर नको बोलूस. औषध दे."

"मुलीसाठी की तुझ्यासाठी?"

"साळुंकीसाठी. खोकते आणि खोकता खोकता बोलते." मग ती थांबली. "मी चुकले गं. टॉवेल असा हातचा सोडायला नको होता. मला वाटलं, बाप आहे."

"मलाही तेच वाटलं होतं," ती म्हणाली. बाटलीवरची तारीख तिने दोनदा वाचली.

"मग तू घरी का बसलीस? शिक्षा तुला का?"

"शिक्षा कसली. मलाच भीती वाटते."

"भीती तुला वाटते," पार्लरवाली म्हणाली, "आणि तुझा नवरा रोज सकाळी तुझ्याच लेनमध्ये हातपाय मारतो. सर त्याला काय म्हणतात माहितीये? 'तुमच्या मिसेस दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायच्या, तुम्हीही शिका.' आणि हा हसतो."

तिच्या हातातली बाटली काउंटरवर जरा जोरात टेकली. मागच्या गिऱ्हाइकाने मान वर केली.

"तुला माहीत नव्हतं?" पार्लरवालीने तोंडावर हात ठेवला. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवलंय."

"ठरवलंय ना," ती म्हणाली. "एकाने."

घरी जाऊन तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून पिशवी काढली. पिशवीचा तळ दमट होता. तिचा गॉगल आत होता. त्याचा पट्टा ओढून सैल केलेला होता, तिच्या डोक्यापेक्षा बऱ्याच मोठ्या डोक्यासाठी. त्या पट्ट्याला नेमकं माप सापडायला तिला पहिला सगळा महिना लागला होता. सैल केला तर पाणी शिरायचं, आवळला तर डोळ्यांभोवती वळ उठायचे. तिने तो पट्टा हातात धरला आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चालायला म्हणून खोटं बोलला, ते एक. पण माझाच गॉगल?

नवरा घरी आल्यावर तिने तो त्याच्यापुढे ठेवला. 

त्याने आधी गॉगलकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग हसायचा प्रयत्न केला. "अगं, सांगणारच होतो. तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो. तू बंद केलंयस आणि मी जातोय, म्हणजे कसं..."

"कसं?"

"म्हणजे तुला वाईट वाटलं असतं."

"हो. म्हणून तू मला वाईट वाटू दिलं नाहीस. माझी पिशवी घेतलीस, माझी लेन घेतलीस, माझी वेळ घेतलीस, आणि मला वाईट वाटू नये म्हणून दार हळू लावलंस."

"आवाज नको वाढवूस, खाली आई आहे."

"असू दे! ऐकू दे! त्या दिवशी त्यांना अर्धंच ऐकवलंस, आज पुरतं ऐकू दे. टॉवेल कुणी नेला? वाटेत तुला कुणी समजावलं होतं? आणि शिडीपाशी कोण पोचलं? तू तेव्हा काय करत होतास? भांग पाडत होतास!"

भिंगरी दारात उभी होती, पहिल्यांदाच एका जागी.  नवरा हळू आवाजात म्हणाला, "चूक झाली माझी. मानतो मी. पण पोटाचं म्हणशील तर डॉक्टरांनीच..."

"आणि पाठ?"

 खरं तर पाठ त्याच्या लक्षातच राहिली नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. ते पाहून तिचा आवाज एकदम खाली आला. ओरडण्यात आता अर्थ नव्हता. गॉगल उचलून ती आत गेली आणि पट्टा पुन्हा आपल्या मापाचा करत बसली. रबर ताणलं गेलं होतं, पूर्वीसारखं धरेना. तिने एक गाठ मारली.

सकाळी दार हळूच ओढलं गेलं. तो उठून बसला, पाय खाली टाकले, हे सगळं तिने ऐकलं होतं. एवढं होऊनही तो गेला! बहुधा त्याला वाटलं असेल, आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणजे प्रश्न मिटला. ती उठली. भिंगरीला झोपेतच कपडे चढवले, पिशवी घेतली, लाल टॉवेल घेतला. जिन्यात सासूबाईंचं दार उघडं होतं.

"एवढ्या सकाळी कुठे गं?"

"पोहायला."

"आणि भिंगरी?"

"तिचा बाप आहे तिथे."

सासूबाईंनी तोंड उघडून मिटलं. कालचं सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं, हे कळत होतं. त्यांनी फक्त भिंगरीचं वरचं बटण लावून दिलं आणि म्हणाल्या, "वारं आहे. कान झाकून ने."

तलावावर तो खरोखरच तिच्या लेनमध्ये होता. ती बाकाजवळ उभी राहून पाहत राहिली. चांगला पोहत होता. अंग सैल, हात लांब, कुणासाठीही मान वळवायची गरज नसलेला माणूस पोहतो तसा. श्वास घ्यायचा तो जाताना उजवीकडे, येतानाही उजवीकडे. जाताना भिंत दिसत होती, येताना बाक. बाकाकडे वळलेल्या तोंडावर आज तिचा गॉगल नव्हता, नवा कोरा होता. कधी आणून ठेवला होता कोण जाणे. बाकाकडे तोंड करूनही त्याला बाकावरचं काही दिसत नव्हतं. ती तिथे उभी असताना तो दोनदा आला आणि दोनदा गेला.

"दिसलं?" बाकावरून पार्लरवाली म्हणाली. तिच्या शेजारी साळुंकी खोकत होती आणि बोलत होती.

"दिसलं."

तिसऱ्यांदा तो भिंतीला हात लावून थांबला, गॉगल वर केला, आणि त्याला समोर ती दिसली. पोहायचा पोशाख, टोपी, गाठ मारलेला गॉगल.

"अगं... तू आलीस?" तो शिडीने वर आला. तीच शिडी. "सांगायचं तरी. बरं झालं, ये, मी आवरतोच. नऊला मीटिंग आहे."

"माझी ड्यूटीही नऊलाच आहे."

तिने खांद्यावरचा लाल टॉवेल काढला आणि त्याच्या ओल्या खांद्यावर ठेवला. सवयीने त्याचा हात वर गेला, केसांकडे.

"पुसायचं नाही," ती म्हणाली.

हात तिथेच थांबला.

"तो टॉवेल नाहीये. तुला वाटेत समजावलं होतं. तो खांद्यावर आहे तोवर भिंगरी तुझी. फोन नाही, मीटिंग नाही, कपडे बदलणं नाही. मी बाहेर येऊन तुझ्या खांद्यावरून उचलेन तेव्हा सुटलास. उद्या तू पोह, मी बसेन. परवा मी."

"अगं, पण मी भिजलोय! थंडी वाजतेय मला!"

"मलाही वाजत होती," ती म्हणाली. "त्या दिवशी."

टोपीवाले काका काठाला धरून सगळं ऐकत होते. बगळ्याने एक पाय बदलला. पार्लरवालीने हसू दाबत तलावाकडे पाहिलं, पण स्वतःचा कोरडा टॉवेल काही पुढे केला नाही. नवरा इकडेतिकडे पाहत बाकावर बसला. गुडघे जुळवून, हात काखेत घालून, टपटप गळत. भिंगरी त्याच्या शेजारी चढून बसली आणि म्हणाली, "बाबा, नीट बघ हं. मी पळते."

ती पाण्यात उतरली.

पहिला हात टाकला आणि मान आपोआप डावीकडे निघाली. तिने ती अडवली. बाहेर एवढं ऐकवून आत येऊन पुन्हा तेच? मग टॉवेल कशाला दिला? तिने मान उजवीकडे वळवली. वर्षभर ती या तलावात पोहली होती, पण ही भिंत तिने जवळून कधी पाहिली नव्हती. निळ्या फरशा, एकीचा कोपरा उडालेला, तिथे सिमेंटचा ठिपका.  गाठीपाशी गॉगलमधून पाणी शिरत होतं, डोळा चुरचुरत होता, आणि त्या चुरचुरीसरशी तिला पुन्हा पट्टा आठवत होता, शीळ आठवत होती, "ती हसरी आहे" आठवत होतं. राग हातांत उतरला. ती इतक्या जोरात कधीच पोहली नव्हती.

भिंतीला हात लावून ती वळली. आता बाक उजवीकडे. तिने डावीकडे श्वास घेतला. पुन्हा फरशा.

आणि मध्यावर असताना शिट्टी वाजली.

सगळं अंग एकदम ताठ झालं. मान वळली, कुणाच्या बापाला अडवता आली नसती. बाक रिकामा होता.

मग तिला दिसलं. नवरा खोल बाजूच्या शिडीपाशी उकिडवा बसला होता, शिडी आणि भिंगरी यांच्या मध्ये, ओठ निळे पडलेले. एका हाताने त्याने भिंगरीचा फ्रॉक पाठीमागून गच्च पिळून धरला होता आणि भिंगरी त्या पिळाला ताण देत पुढे झुकून हसत होती. दुसरा हात खांद्यावर होता, टॉवेल घसरू नये म्हणून. तो पाण्याकडे पाहत नव्हता, बगळ्याकडेही नाही. नुसता त्या पिवळ्या फ्रॉककडे. शिट्टी टोपीवाल्या काकांसाठी होती. काका दोरीला लोंबकळून तमाशा बघत होते.

तिने हे सगळं एका श्वासात पाहिलं. त्याने मान वर केली असती, तर ती कदाचित थांबली असती, पाण्याबाहेर आली असती, जाऊ दे म्हणाली असती. त्याने केली नाही. बरंच झालं.

बाजूच्या कठड्याची नळी काखेत धरून तिने गॉगल काढला, आतलं पाणी झटकलं, गाठ आणखी एक वेढा आवळली. राग अजून पुष्कळ शिल्लक होता. आज तो संपणार नव्हता, उद्या तिची बसायची पाळी होती, परवाच्या पोहण्यालाही तो कदाचित पुरला असता. तिने तोंड पाण्यात घातलं आणि भिंतीकडच्या बाजूने पुढचा श्वास घेतला.